डाव्या अंगाची माळ

चिखल्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कृष्णरावांनी कोंबडी कापताना सोडाच, शिजलेलीही जवळून पाहिली नव्हती. तरी १९७८ साली भंडाऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी कोंबडीच्या पोटाचा मोठा तक्ता काढला. नमुन्याला आकृती मिळाली नाही. बेडकाला अंडाशय दोन, गाईला दोन, म्हणजे कोंबडीलाही दोनच, असं धरून त्यांनी दोन्ही बाजूंना पिवळे मणी रंगवले. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली आणि शनिवारी तक्ता पालकांसाठी व्हरांड्यात टांगला.

पालकांत कुंताबाई होती. गावच्या मँगनीज खाणीच्या वसाहतीत ती दर रविवारी कोंबड्या कापून विकायची. तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहून, उजवीकडच्या मण्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "हे कोंबडी कोनत्या गावची जी, गुरुजी? आमच्या इकडच्या तं साऱ्या डावखुऱ्या हायेत."

सगळे हसले. कृष्णरावांचे कान तापले. बुधवारी तक्ता भंडाऱ्याला जायचा होता. गप्प राहिले असते तर बक्षीसही मिळालं असतं. तिथं कोंबडी उघडून कोण बघणार होतं?

रात्रभर तळमळून रविवारी ते नाकाला रुमाल लावून तिच्या ओट्यापाशी गेले. कुंताबाईनं चेष्टा केली नाही. गिऱ्हाइकांच्या तीन कोंबड्या तिनं एकामागून एक उघडून दाखवल्या. डाव्या अंगाला लिंबाएवढ्या बलकापासून मोहरीएवढ्यापर्यंत उतरत गेलेली सोनेरी माळ होती. उजवीकडे काहीच नव्हतं. कृष्णरावांचा रुमाल कधी खाली आला, त्यांना कळलं नाही. इतकं देखणं काही त्यांनी पुस्तकात पाहिलं नव्हतं.

"पंधरा वर्सं झाली," ती म्हणाली, "उजवीकडे माळ मले एकदाही दिसली नाही. काहून नसंल, गुरुजी?"

घरी येऊन त्यांनी पेटीतलं प्राणिशास्त्राचं जुनं जाड पुस्तक काढलं. अंड्यातल्या पिल्लात दोन्ही बाजू सुरू होतात, मग बहुतेक पक्ष्यांत उजवी मागे पडते. उडणाऱ्या पूर्वजांनी अंगावरचा भार असा उतरवला असावा, असा विद्वानांचा अंदाज. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, त्यांनीच कधीतरी ओढलेली. वाचलेलं विसरणारा आपण कसला मास्तर, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी नवा कागद पसरला.

बुधवारी भंडाऱ्यात परीक्षक तक्त्यापुढे थांबले. "मास्तर, उजवी बाजू रंगवायची राहिली वाटतं?"

कृष्णरावांनी मान वळवली. शेजारी कुंताबाई धुवट लुगड्यात उभी होती. एसटीचं तिकीट काढून त्यांनीच तिला आणलं होतं.

"नाही, साहेब. ती रिकामीच असते. मीही आधी चुकीचंच काढलं होतं. यांनी दाखवलं."

परीक्षकांनी तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, नक्की?"

"माळ डावीकडेच असते, साहेब. मी दर रविवारी पायते," ती म्हणाली. "पन काहून, ते गुरुजीले विचारा. ते वाचून आले."

परीक्षक चष्मा पुसत पुन्हा कृष्णरावांकडे वळले, आणि कृष्णराव बोलू लागले. अंड्यातल्या पिल्लापासून सुरुवात करून ते उडणाऱ्या पूर्वजांपर्यंत थांबले नाहीत.