कासवांच्या टाचण्या

संग्रहालयातलं कासवांचं दालन मी अकरा वर्षं पुसतेय. तिथे भिंतभर जगाचा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्या. लाल टाचणी म्हणजे समुद्री कासवं जिथे वाळूत अंडी घालतात तो किनारा, निळी म्हणजे नुसतं पोहायचं-खायचं ठिकाण. माझं घर एक वेळ अस्ताव्यस्त सापडेल, ते दालन नाही.

सोमवारी शिडी सटकली. मी वाचले, पण नकाशा खाली आला आणि टाचण्या फरशीभर. मग बाह्या सारल्या आणि दुपारपर्यंत एकेक परत लावली. भोकं दिसत होती, पण कुठल्या भोकात लाल नि कुठल्या भोकात निळी, हे माझ्याशिवाय कुणाला पाठ आहे?

दालनाचं काम बघणाऱ्या नव्या मॅडमना मी आपणहून सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. त्यांनी कासवांचं पुस्तक उघडून ताडून पाहिलं आणि नकाशात पार वर, उत्तरेच्या एका किनाऱ्यावर बोट ठेवलं.

"मावशी, इथे लाल कशी? एवढ्या गारठ्यात अंडी उबतील का? चामड्यासारख्या पाठीची ती मोठी कासवं इथे फक्त जेलीफिश खायला येतात."

"ती लालच होती."

"एक चुकली, मग बाकीच्यांचा काय भरवसा? उद्यापासून तुम्ही तळघर बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर रडूच जास्त येत होतं. सकाळी दार उघडलं की मी आधी त्या कासवांशी बोलते. तळघरात कुणाशी बोलू, खोक्यांशी?

नकाशा केलेले जुने सर आता निवृत्त आहेत. मी त्यांना फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि फोन तसाच मॅडमच्या हातात दिला. सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलतात ते अख्ख्या दालनाला ऐकू जातं.

"उत्तरेची लाल? अहो, ती माझी चूक. निळ्या संपल्या होत्या. म्हटलं नंतर बदलू, ते राहूनच गेलं. मावशींनी तीसुद्धा लालच लावली ना? मग बाकीचा नकाशा तपासत बसू नका."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी पुस्तक मिटलं, खणातून एक निळी टाचणी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चढा. शिडी मी धरते."

मी लाल काढली, निळी लावली. खाली उतरल्यावर विचारलं, "आणि तळघर?"

"तिथे कासवं कुठे आहेत, मावशी?" मॅडम म्हणाल्या.