मी डावीकडेच का ओढत होते

मित्रांनो, टोकावडे ते मुरबाड रस्त्यावर मागचं दार दोरीनं बांधलेली निळी जीप दिसली, तर ओळखा, ती मीच. वय झालंय माझं, पण आज इतका आनंद झालाय की इंजिन बंद असूनही गप्प बसवत नाही!

जन्म माझा दूरच्या कारखान्यात झाला. माझ्या मालकानं, दामूनं, मला शहापुरातून घरी आणलं, त्या दिवशी त्याच्या बायकोनं, हौसानं, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. मग काय विचारता! बाजाराची माणसं, भाताची पोती, नवरानवरी, सगळी ओझी मी हौसेनं वाहिली. दामूची गाडी वेळेवर येते, असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचे.

दामूनं बैल विकले, तेव्हापासून भाताची मळणीही माझ्याच गळ्यात पडली. खळ्यावर भारे पसरायचे आणि त्यांवरून मला गोल गोल फिरवायचं. यंदा तीन दिवस मी अशी फिरले. चौथ्या दिवशी रस्त्यावर आले तर काय, सरळ जायचं म्हटलं तरी डावीकडेच ओढली जाऊ लागले! मुरबाडला जाताना वाघदेवाच्या वळणावर तर मी थेट देवाच्या दगडाकडे झेपावले आणि वीतभर अंतरावर थांबले. आतली माणसं भेदरून गेली.

दामूनं चाकांतली हवा पाहिली. ती सारखी होती. मग त्याची खात्रीच पटली, की वाघबारशीला, म्हणजे वाघदेवाच्या सणाला, नारळ द्यायचा राहिला म्हणून देव गाडी ओढतोय. त्यानं एक नारळ फोडला, मग पाच फोडले. मी आपली डावीकडेच! अहो, माझं चाक आतून भाजून निघत होतं, पण सांगणार कशी? शेवटी, माणसांच्या जिवाशी खेळ नको म्हणून त्यानं मला भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला सोमवारी येणार होता. मी पार हबकले.

रविवारी शेवटच्या फेरीत मुरबाडहून परतताना गाडीत एकटी सोमी होती; बाकीचे आता माझ्यात बसायला घाबरायचे. कंद विकणारी ही म्हातारी रोज माझ्या पुढच्या सीटवर बसते. दामू वाघदेवापाशी हात जोडायला थांबला, तेव्हा ती म्हणाली, "दामू, जाताना देव डाव्या अंगाला व्हता. आता उजव्या अंगाला हाय. मं गाडी अजून डावीकडंच कशी जाते रे?"

सोमी खाली उतरली आणि एकेका चाकाला हात लावत फिरली. पुढच्या डाव्या चाकापाशी तिनं हात झटकन मागे घेतला.

"तव्यावानी तापलाय. याच्या पोटात काय तरी हाय."

टोकावड्यात भगीरथ मिस्त्रीनं ते चाक उतरवलं. आत मळणीचा पेंढा आणि तूस गच्च बसलं होतं, त्यामुळे ब्रेक सुटतच नव्हता. उजवं चाक मोकळं धावायचं, डावं अडून राहायचं, म्हणून मी अडलेल्या बाजूला वळायचे. एवढंच होतं हो! सगळं साफ झाल्यावर दामूनं मला रस्त्यावर घेतलं आणि स्टिअरिंगवरची पकड अलगद सैल केली. मी सरळ! थेट शाळेपर्यंत सरळ!

सोमवारी भंगारवाला दारात आला. दामू त्याला म्हणाला, "गाडी नाय द्यायची. चूक माजी व्हती, तिची नाय."

मित्रांनो, यंत्राला तोंड नसतं. ते वाकडं वागलं तर त्याच्यावर रागावू नका, आणि देवावरही ढकलू नका. आधी खाली उतरा आणि त्याला हात लावून पाहा. हाताला चटका बसला, तर समजा, ते कधीपासून तुम्हाला हाका मारत होतं.