चुना आणि कुंचा

भीमरत्नानं गाडीची डिकी उघडली आणि कपाळाला हात लावला. रात्री भिजवून ठेवलेल्या चुन्याची बादली कलंडली होती. निम्मा चुना डिकीभर पसरला होता.

"झालं! आता हे कोण पुसणार?"

मुलगी अक्षरा कानात इयरफोन घालून गाडीतच बसून राहिली. धाकट्या आयुषनं मात्र डिकीतला कुंचा उचलला आणि बांधावरून ओढ्याच्या दिशेनं धूम ठोकली.

"अरे हळू! पडशील!"

पोरगा ऐकतोय कसला! दरवर्षी हा असाच पुढं पळायचा. याला इथं यायची भारी हौस, असं भीमरत्नाच्या मनात आलं आणि तो आणखीच दमल्यासारखा झाला.

ओढ्याकाठी करंजाखाली घरच्यांचे दगड होते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून जी माणसं संपली, ती इथं पुरलेली. दगडांवर नावं नव्हती. कोरून घ्यायची ऐपत नव्हती, आणि कोरली असती तरी वाचणारं कोण होतं? दिवाळी झाली की पहिल्या रविवारी भीमरत्नाचे वडील, मायाप्पा, सगळ्यांना इथं घेऊन यायचे. दगडांना चुना लावायचा, मेणबत्त्या पेटवायच्या आणि कुठला दगड कुणाचा ते पोरांना सांगायचं. यंदा उन्हाळ्यात मायाप्पा गेले, आणि सांगायचं काम भीमरत्नावर आलं.

आणि भीमरत्नाला ते नको होतं. आठवडाभर कॉलेज, रविवारी पेपरांचा गठ्ठा, वरून हा जागोजाग खोदून ठेवलेला हायवे. अनगोळातल्या घरून निघाल्यापासून तो मनात एकच वाक्य घोळवत होता. आई, पुढच्या वर्षीपासून घरीच मेणबत्ती लावू. वाटेतलं काकती गाव मागं पडलं तेव्हा तो ते बोलणारच होता, पण शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवरचा मेणबत्त्यांचा पुडा बघून गप्प बसला. आप्पा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. एवढ्यात हे ऐकून म्हातारीच्या काळजाचं काय होईल?

त्यानं उरलेला चुना उचलला आणि आईला हात दिला. शेवंताबाई गुडघे धरत, थांबत थांबत आल्या आणि करंजाच्या मुळावर टेकल्या.

"सांग आता पोरास्नी," त्या म्हणाल्या.

भीमरत्नानं घसा खाकरला. "हा पणजोबांचा. ही पणजी. आणि हा..."

तिसऱ्या दगडाशी गाडी अडली. इतकी वर्षं आप्पा सांगत होते आणि तो मनात परतीच्या वाटेचा हिशोब करत होता. आता आठवणार काय, कप्पाळ!

"तो धोंडीआजोबांचा," मागून आलेली अक्षरा म्हणाली. तिनं एका कानातला इयरफोन काढला आणि शाळेत पाढे म्हणतात तशी एका सुरात सगळी नावं म्हणून टाकली. मग इयरफोन परत कानात गेला.

आयुष खाली बसून दगडांना भराभर चुना फासत होता. भीमरत्न आईशेजारी बसला. आता नाही तर कधीच नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं.

"आई, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"आप्पांचा फार जीव होता गं या जागेवर."

बोलायचं होतं एक आणि तोंडातून आलं भलतंच. शेवंताबाईंनी त्याच्याकडं वळून बघितलं आणि चक्क हसल्या.

"कुणाचा? तुझ्या बापाचा? काय बोलतोस रं! लई कट्टाळा करायचा त्यो. घरी गेल्यावर पाय चोळून घेताना दर साली म्हणायचा, शेवंता, आता बास. पुढच्या साली काय जायाचं न्हाय."

"मग यायचे कशाला?"

"तुझ्यापायी."

"माझ्यापायी?"

"व्हय. ल्हानपणी यस्टीतनं उतरलास की तू ह्या बांधावरनं पळत सुटायचास. त्येला वाटायचं, पोराला लई आवड हाय. दिवाळी झाली की म्हणायचा, भीमा वाट बघत असंल, चला. मला तरी कुठं हौस आलीया? त्या तिकडच्या दगडाखाली माझी सासू हाय. जित्तेपणी आमचं एक दिस पटलं न्हाय."

 भीमरत्नाला तो बांध आठवला. चप्पल हातात घेऊन तो पळायचा हे खरं होतं. पण आवड कसली नि काय! लवकर पोचलं की काम लवकर आटपायचं, आणि काम आटपलं की निपाणीच्या स्टँडवर गरम भजी मिळायची. आप्पांनी कधी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. मोठेपणी तर आप्पांचं मन मोडायला नको म्हणून तो पेपर बाजूला टाकून यायचा. त्यानं बाहीनं डोळे पुसले. आप्पा, एकदा बोलला असता तर!

"पप्पा, झालं सगळं!" आयुष ओरडला. त्याच्या केसांनासुद्धा चुना लागला होता.

भीमरत्न उठून त्याच्याजवळ गेला आणि उकिडवा बसला. मेणबत्त्या पेटल्या होत्या. उन्हात ज्योती धड दिसतही नव्हत्या.

"आयुष, खरं सांग. तुला आवडतं का रे इथं यायला?"

 आयुषनं बापाच्या तोंडाकडं बघितलं, लाल झालेल्या डोळ्यांकडं बघितलं आणि हात पँटला पुसले.

"तुम्हाला आवडतं ना?"

घरीच मेणबत्ती लावायचं ते वाक्य आता म्हणायला काहीच अडचण नव्हती. पोराचे डोळे त्याच्यावर खिळले होते. समोर नुकताच फासलेला चुना अजून ओला होता.

"हो," भीमरत्न म्हणाला.

"मग मलापण," आयुष म्हणाला आणि गाडीकडं पळाला. थोडं जाऊन त्यानं मागं वळून विचारलं, "भजी खायची ना?"

शेवंताबाई झाडाला धरून उठल्या. त्यांनी नातवाकडं बघितलं, मग लेकाकडं. पदरानं तोंड पुसलं आणि चालायला लागल्या.

"कुंचा धुऊन घे रं," त्या जाता जाता म्हणाल्या. "चुना वाळला की पुढच्या साली कामाचा ऱ्हाणार न्हाय."

भीमरत्न कुंचा घेऊन ओढ्यात उतरला.