डबीत काय आहे

श्रेयांसला हसनाबादेत मिरचीचं बियाणं करायचंच नव्हतं. तिथं पावलापावलावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं शेडनेट, आणि प्रत्येक शेडनेटातून शेजारच्याकडे लागलेले डोळे. म्हणून पहिल्या वर्षी त्याने वडीगोद्रीपासून बरंच आत, जिथं एकही बियाणंवाला फिरकत नाही अशा जागी प्लॉट घेतला. तिथं चोरणारं कुणी नव्हतं, हे खरं. पण चिमटा धरता येणारंही कुणी नव्हतं. कळीतलं नको ते काढता काढता बायांनी कळ्याच तोडून टाकल्या, आणि हंगामाअखेर बियाणं निघालं मूठभर. पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या निमूट हसनाबादेत कडूबा नावाच्या शेतकऱ्याच्या शेडनेटात आला.

इथल्या बायांच्या बोटांत वीस वर्षांचं क्रॉसिंग मुरलेलं. मादी झाडाची कळी उमलायच्या आत उघडायची, चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे, नर झाडाच्या फुलांची पावडर बोटाने लावायची, देठाला लाल धागा, की पुढची कळी. दैवशाला या चौदा बायांच्या टोळीची म्होरकी. टोळी सकाळी श्रेयांसकडे यायची आणि दुपारून बांधापलीकडच्या मोठ्या कंपनीच्या प्लॉटवर जायची. हे त्याला मुळीच पसंत नव्हतं, पण दिवसभर एकाचंच काम करणारी टोळी हसनाबादेत त्याला मिळाली नाही.

नर म्हणजे कंपनीचा जीव. श्रेयांसच्या नव्या कंपनीचा नर दुसऱ्याच्या हाती गेला, तर तीच मिरची उद्या दुसऱ्याच्या पिशवीतून विकली जाणार. श्रेयांसचे वडील बजरंगलाल यांनी जुन्या जालन्यातल्या दुकानात जन्मभर दुसऱ्यांचं बियाणं विकलं होतं. पिशवीवर एकदा तरी आपलं नाव पाहायचं, ही त्यांची हौस याने पुरी करायला घेतली होती. आधी पाच वर्षं तो एका मोठ्या कंपनीत नोकरीला होता, आणि तिथून फक्त अनुभव घेऊन निघालो, असं तो सांगे. तो अनुभव पँटच्या चोरखिशात मावण्याएवढा होता, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे नर बाहेर कसा जातो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याने नराच्या ओळीवर कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात दिवसभर बायांच्या पाठी दिसायच्या, त्याही पदराने झाकलेल्या. मग तो जालन्याहून कडूबाला फोन करून नराची झाडं मोजायला लावू लागला. "शेठ, झाडाला पाय फुटत्यात का?" कडूबा वैतागून म्हणायचा. "काल साठ व्हती, आज बी साठच हायेत." पण श्रेयांसला साठ ऐकूनही चैन पडत नसे. साठच्या साठ जागेवर आहेत, म्हणजे कुणीतरी फार हुशारीने काम करतंय, असं त्याला वाटे.

त्यात आठ दिवस आभाळ भरून राहिलं. अशा दमट हवेत पावडर ओली होते, कळ्या गळतात. त्याच आठवड्यात तो प्लॉटवर गेला, तेव्हा टोळी दुपारच्या कामाला निघाली होती. दैवशालाने एक छोटी पत्र्याची डबी कमरेला खोचलेली त्याने पाहिली. 

"ताई, डबी दाखवा," तो शेडनेटाच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला.

"पावडर हाय शेठ. उरलेली."

"दाखवा म्हणतो ना!"

चौदा बाया थांबल्या. दैवशालाने डबी दिली. झाकण उघडलं, तर वर फडक्याच्या पुरचुंडीत नराची पिवळसर पावडर आणि तिच्याखाली भाजलेल्या तांदळाचा थर. कोरडं ठेवायला तांदूळ! म्हणजे टिकवायचं आहे, म्हणजे लांब न्यायचं आहे. इतक्या दिवसांचा संशय खरा ठरला, याचा त्याला चक्क आनंद झाला.

"किती दिवसांपासून चालू आहे हे? बांधापलीकडं काय भाव दिला?"

 दैवशाला सावकाश म्हणाली, "नेटमधी दमट ऱ्हातंय. म्हणून घरी चुलीपाशी ठिवते आन सकाळी तुमच्याच कळ्यांला लावते. तांदळाचं त्या कंपनीच्या सायबानं शिकवल्तं. तितं शिकले, इतं केलं. आन तुमी ते कळी तिरपी धरायचं दाखवल्तं, ते तितं केलं. हाताला आलेलं काम बांधावर काढून ठिवून जाऊ का?"

"मला शिकवू नका!"

तिने कमरेचा चिमटा काढून त्याच्या पायाशी ठेवला. मागोमाग एकेक करत तेरा चिमटे पडले. बाया गेल्या. श्रेयांस डबी मुठीत धरून उभा राहिला.

कडूबा मागून आला. त्याने मादीच्या ओळीतली पानं बाजूला सारली. त्या ओल्या आठवड्यात बांधलेले लाल धागे जागच्या जागी होते, आणि प्रत्येक धाग्याखाली नखाएवढी मिरची धरलेली. "शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या निम्म्या गळल्या," तो म्हणाला. "आपल्या आन त्या कंपनीच्याच टिकल्या. जल्दी जा शेठ. अजून वीस दिवसांचं क्रॉसिंग बाकी हाय. ती आली न्हाई तर टोळी येत न्हाई, आन ह्या कळ्या काय थांबून ऱ्हात न्हाईत."

श्रेयांसला स्वतःची फार लाज वाटली. संध्याकाळी तिच्या घरी जाताना 'ताई, माझं चुकलं' हे वाक्य तो वाटभर घोकत गेला.

दैवशाला दारात तूर निवडत बसली होती. "या शेठ," ती म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे केली. राग होता, पण दारी आलेल्याला बसायला देण्याइतकी ती माणूस होती. श्रेयांसने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला मोरीच्या कडेला मिरचीचं रोप दिसलं. पान अरुंद. मिरच्या आभाळाकडे तोंड करून. थेट त्याच्या नरासारख्या.

"हे रोप कुठून आणलं?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. दैवशालाने सूप खाली ठेवलं. उठून तिने ते रोप मुळासकट उपटलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बाजारच्या मिरचीचं बी पडलं आन उगवलं. घिऊन जा. जालन्याला तपासून घ्या, म्हंजी तुमाला झोप लागंल. उद्यापासून आमी दिसभर त्या कंपनीकडंच जाऊन राह्यलो."

"तसं नाही, ताई..."

"मंग ठिवा खाली."

एवढंच करायचं होतं. रोप खाली ठेवायचं आणि वाटभर घोकलेलं वाक्य बोलायचं. ती दारात थांबून होती, त्याच्या हाताकडे बघत.

श्रेयांसने ते रोप ओल्या कागदात गुंडाळलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर नीट आडवं ठेवलं. जालन्यापर्यंत त्याने गाडी हळू चालवली, पान मोडू नये म्हणून.