सर्वात निरोगी वस्तीची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. घाबरू नका, माझ्यावर कुणी कधी तलवार चालवलेली नाही. मी बक्षीस म्हणून द्यायची ढाल आहे, आणि तीही फिरती. एका वर्षी एकाकडे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडे. असे असले तरी मी रडूबाई नाही. उलट थोडी तोऱ्यातच असते, कारण माझ्या छातीवरच्या पितळी पत्र्यावर ठळक अक्षरे कोरली आहेत : 'सर्वात निरोगी वस्ती'.

माझा जन्म विरारला, चंद्रहास नावाच्या सुताराच्या दुकानात झाला. त्याने शिसवीचे लाकूड तासून मला आकार दिला, मध्यभागी पितळेचा उगवता सूर्य बसवला आणि कडेने छोट्या पट्ट्या ठोकल्या. दरवर्षीच्या विजेत्याचे नाव कोरण्यासाठी त्या कोऱ्या ठेवल्या होत्या. गंमत अशी की मला घडवताना चंद्रहासला सडकून सर्दी झाली होती. निरोगीपणाच्या बक्षिसावर पहिला अभिषेक झाला तो शिंकांचा. त्याने मात्र मला इतके छान पॉलिश केले की मी माझ्याच रूपावर भाळले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आपल्या वसई-विरार भागातल्या एका आरोग्य मंडळाने ही स्पर्धा सुरू केली होती. नियम सोपा होता. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मंडळाची मुले-मुली घरोघर जायची. घरात माणसे किती, आणि त्यांतली आजारी किंवा औषधे घेणारी किती, एवढे विचारायची. जिथे आजारी माणसांचे प्रमाण सर्वात कमी, ती वस्ती पहिली. आणि सलग तीन वर्षे जी वस्ती पहिली येईल, तिच्याकडे मी कायमची राहणार होते.

पहिल्या वर्षी मी विरारच्याच मनवेलपाड्यातल्या एका नव्या इमारतीत गेले. खरे सांगू? आत शिरताना मी जरा बुचकळ्यात पडले. समोर उघडे गटार होते. पाणी टँकरने यायचे, आणि तेही लहर लागेल तेव्हा. संध्याकाळी डासांचे थवेच्या थवे माझ्या सूर्यावर येऊन बसायचे. सर्वात निरोगी वस्ती ती हीच का, असे मला वाटले. पण हळूहळू उलगडा झाला. इमारतीत सगळी नुकतेच लग्न झालेली जोडपी होती. सकाळी मुंबईला कामावर जायची, रात्री परत यायची. ताप आला तर ऑफिसजवळच्या डॉक्टरकडून गोळी घ्यायची आणि घरी येऊन विसरायची. आईवडील गावाला. मग आजारी सापडणार कोण? गटार, टँकर आणि डास यांबद्दल तर कुणी विचारलेच नव्हते.

या इमारतीचा सेक्रेटरी होता श्रीरंग. फोर्टमधल्या एका कंपनीत तो कारकून होता. तिथे त्याला कुणी फारसे विचारत नसे, पण इथे सगळे 'सेक्रेटरीसाहेब' म्हणत. त्याने तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात, दार उघडताच दिसेन अशा जागी मला टांगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मला दाखवायचा. मीही मान ताठ करून उभी राहायचे. आमचे दोघांचे चांगले जमले.

मग इमारतीत पाळणे हलू लागले. श्रीरंगला मुलगी झाली, तिचे नाव ऋतिका. नवरा-बायको दोघेही नोकरीला, त्यामुळे बाळाला सांभाळायला त्याने गुहागरकडच्या गावाहून आईला आणले. यमुनाबाई तिचे नाव. बाकीच्या घरांतही असेच झाले. बघता बघता जिन्यात काठ्या वाजू लागल्या, चष्मे हरवू लागले आणि दुपारच्या वेळी इमारतीला पहिल्यांदा जाग आली.

यमुनाबाई आली आणि माझे नशीब उघडले. ऑफिसात डोकावली आणि माझ्यावरची धूळ पाहून तिने कपाळाला हात लावला. दुसऱ्याच दिवशी तिने मला चिंचेने घासून लख्ख केले. घासताना ती मध्येच थांबायची, कारण तिला दमा होता. थंडीत तो जास्त उचल खायचा. पण स्टेशनजवळच्या डॉक्टरांचे औषध तिला लागू पडले होते, आणि ती ऋतिकाला कडेवर घेऊन तीन मजले चढायची. मध्ये दोनदा टेकायची, तो भाग वेगळा.

इमारतीच्या फाटकाशी वसईतल्या होळी गावची डेल्फिन भाजी घेऊन बसायची. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. तिची आणि यमुनाबाईची अशी गट्टी जमली की वालाच्या शेंगा घ्यायला गेलेली यमुनाबाई तासाभराने परतायची. डेल्फिनची होळीची वाडी आमच्या स्पर्धेत शेवटची आली होती. तिथे घरोघरी म्हातारी माणसे होती, आणि महिन्याला डॉक्टर येऊन प्रत्येकाला तपासून जायचे. त्यामुळे कुणाला रक्तदाब, कुणाला साखर, सगळे सगळ्यांना ठाऊक. डेल्फिन स्वतः रक्तदाबाची गोळी कमरेच्या पिशवीत घेऊन फिरायची. शेवटच्या क्रमांकाचे तिला काडीचेही दुःख नव्हते.

पण श्रीरंगला पहिल्या क्रमांकाची काळजी लागली. पुढची संक्रांत जवळ आली, आणि आता प्रत्येक घरात एक तरी औषधाची बाटली होती. सोसायटीची सभा भरली. माझ्या पुढ्यातच सगळे बसले होते. कुणीतरी म्हणाले, आपल्या सगळ्यांनाच गाव आहे, तर त्या आठवड्यात म्हाताऱ्या मंडळींना गावी पाठवून देऊ. घरात नसलेल्या माणसाला कोण मोजणार? सगळ्यांना ते पटले. हवापालट होईल, गावची घरे झाडून होतील, असेही कुणी म्हणाले. म्हातारी माणसे एसटीत बसली, पाहणी झाली आणि आमचा पहिला क्रमांक पुन्हा आला. पेढे वाटले गेले. माझ्यावर दुसऱ्यांदा त्याच इमारतीचे नाव कोरले गेले. मला आनंद झाला, नाही कसे म्हणू? पण तो आठवडाभर ऋतिका दाराकडे तोंड करून भोकाड पसरायची, आणि दुपारी जिन्यात एकही काठी वाजली नाही. मला करमेना.

यमुनाबाई परत आली ती जरा उतरलेली. श्रीरंगने विचारले तर म्हणाली, प्रवासाचा शीण. डेल्फिनला मात्र तिने खरे काय ते सांगितले, आणि फाटक माझ्या समोरच असल्यामुळे मीही ते ऐकले. गावच्या बंद घरातल्या धुळीने आणि पहाटेच्या गारठ्याने तिचा दमा उसळला होता. घरात दुसरे कुणी नव्हते. शेजारच्यांनी रिक्षात घालून दूरच्या दवाखान्यात नेले म्हणून ती वाचली. मुलाला वाईट वाटेल म्हणून तिने तोंड बंद ठेवले होते. डेल्फिन तिला खूप रागावली.

आणि मग उजाडले तिसरे वर्ष. अजून एक विजय, की मी कायमची मनवेलपाड्याची. श्रीरंगने माझ्यासाठी काचेचे कपाट करायला टाकले होते. म्हातारी मंडळी पुन्हा गावी जाणार हे ठरूनच गेले होते. यमुनाबाईने मुलाला एकदा सांगून पाहिले की या थंडीत नको वाटते रे. तो म्हणाला, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, मी स्वतः आणायला येतो. ती पिशवी भरू लागली. माझ्या मनात मात्र धाकधूक सुरू झाली. या खेपेला शेजारी घरात नसले तर? मित्रांनो, त्या काचेच्या कपाटाचा मला तिटकारा आला.

जायच्या दिवशी दुपारी सगळी म्हातारी माणसे ऑफिसात जमली. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत जो तो आपापल्या बोचक्यावर बसला होता. इतक्यात मंडळाची कार्मिन आत आली. वसईची नर्सिंग शिकणारी चुणचुणीत मुलगी ती. पाहणी दुसऱ्या दिवसापासून होती, पण कोणत्या घरी कधी जायचे ते विचारायला ती आधी आली होती. एवढी बोचकी बघून तिला गंमत वाटली. तिने विचारले, सगळे मिळून लग्नाला निघालात की काय?

जो तो आपल्या बोचक्याच्या गाठी तपासू लागला. शेवटी यमुनाबाई म्हणाली, "नाही गं बाय. आमची इमारत निरोगी करायला निघालोय."

श्रीरंग दारातच उभा होता. त्या दिवशी तो खास रजा घेऊन आईला बसवून द्यायला थांबला होता. त्याचा चेहरा पडला. चारचौघांत असे काय बोलतेस, असे तो पुटपुटला. तेव्हा डेल्फिन टोपली फाटकाशी ठेवून आत आली. तिला आता राहवेना.

"सेक्रेटरीसाहेब, गेल्या साली तुमची आय गावाला मरता मरता वाचली," ती म्हणाली. "तुम्हाला म्हाईत नाय, कारन तिनं सांगितलं नाय. आता मी सांगितलं."

श्रीरंगने आईकडे पाहिले. ती पिशवीचा बंद सोडत आणि बांधत होती. खरं आहे का, असे त्याने विचारले. तिने मान हलवली. मग ती त्याला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी घरात असले की तुझी इमारत आजारी आणि मी नसले की निरोगी. असं असेल तर मग मला आणलंस कशाला रे?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागले असावे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटले, आता तो माझा विचार करतोय. मी जीव मुठीत धरून बसले. मग त्याने आईची पिशवी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. खाली येऊन दुसऱ्याचे बोचके उचलले. बाकीचे मुलगे कामावरून आले, झाला प्रकार ऐकला आणि उरलेली बोचकी उचलून जिने चढले.

दुसऱ्या दिवशी कार्मिन आली तेव्हा काय धमाल उडाली म्हणून सांगू! माझ्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. हळदीकुंकवाला बायका वाणाच्या वस्तू दाखवतात, तशी सगळी आपापली दुखणी दाखवू लागली. कुणाचे गुडघे, कुणाचा मोतीबिंदू, कुणाची साखर. कुणाला कुठला डॉक्टर लागू पडला, याची देवाणघेवाण झाली. एका आजोबांना तर काहीच होत नव्हते, त्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. कार्मिनने त्यांचाही रक्तदाब तपासला, आणि तो चांगलाच वाढलेला निघाला. आजोबांचा आजार त्या दिवशी सुरू झाला नव्हता, फक्त आजपर्यंत तो कुणी मोजलेला नव्हता. त्यांना वेळेवर औषध मिळाले, आणि आमचा क्रमांक मात्र आणखी एक पायरी घसरला.

निकाल लागला. आमची इमारत शेवटून दुसरी आली, आणि शेवटची अर्थात होळीची वाडी. डेल्फिन फाटकाशी टाळी देत यमुनाबाईला म्हणाली, "या, या. आमच्या बाजूला बसा." त्या दोघी इतक्या हसल्या की यमुनाबाईला खोकल्याची ढास लागली, आणि ऋतिका धावत जाऊन आजीसाठी पाण्याचा पेला घेऊन आली. अर्धे पाणी वाटेतच सांडले होते.

श्रीरंगने मला भिंतीवरून काढले तेव्हा मला गलबलून आले. त्याने मला एकदा सदऱ्याच्या बाहीने पुसले. काचेचे कपाट तयार होऊन आले होते, त्यात त्याने सगळ्यांच्या औषधांच्या पेट्या, वाफारा घ्यायचे यंत्र आणि डॉक्टरांचे नंबर ठेवले. कपाटाचे नशीब माझ्यापेक्षा चांगले निघाले, एवढे मी कबूल करते.

आता तुम्ही विचाराल, मग पहिला नंबर कुणाचा आला? खाडीच्या बाजूला एक भलेमोठे संकुल नुकतेच बांधून झाले होते. त्यात जेमतेम चार-दोन कुटुंबे आणि एक वॉचमन राहत होता. आजारी कुणीच नव्हते. अहो, माणसेच नव्हती! तिथल्या ऑफिसात मला टांगले, बाहेरून कुलूप लावले आणि सगळे निघून गेले. पुढे ते मंडळच बंद पडले, स्पर्धा थांबली, आणि मला न्यायला पुन्हा कुणी आले नाही. सर्वात निरोगी वस्तीत मी एकटीच धूळ खात राहिले. तिथे कुणी शिंकलेसुद्धा नाही. माझा तोरा पार उतरला.

कितीतरी वर्षे अशी गेली. मग दोन हजार साल उलटल्यावर एकदा खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. भांडी वाजली, पोरे ओरडली, आणि पाठोपाठ जिन्यात कुणीतरी खोकले. चांगले घसा खरवडून, मोठ्याने खोकले. कुणीतरी काळजीने विचारले, "हरेश्वरकाका, बसता का जरा?" आणि काका म्हणाले, "बसतो बाबा, पानी दे."

मित्रांनो, त्या खोकल्याने मला जो आनंद झाला, तो चंद्रहासच्या पॉलिशनेही झाला नव्हता. आता स्पर्धा असती, तर या संकुलाला मी कधीच मिळाले नसते, हे मी ओळखले आणि खुशीत हसले. मोठे झाल्यावर तुम्ही पुष्कळ याद्या वाचाल. अमुक शहर निरोगी, तमुक गाव पहिले, असे छापून येईल. माझी एवढीच विनंती आहे की ती यादी वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. आधी त्या पहिल्या आलेल्या गावात जा, एखादे दार वाजवा आणि विचारा, "आजी घरी आहेत का?"