फक्त काकूंपुरता बिघडलेला

मी रक्तदाब मोजायचं यंत्र बोलतोय. एक कापडी पट्टा, एक रबरी नळी आणि आकडे दाखवणारी छोटी चौकट, एवढाच माझा जीव. तोंड मला नाही, पण माझ्या आकड्यांवर माणसं जेवढा विश्वास ठेवतात तेवढा सख्ख्या बायकोवरही ठेवत नाहीत. अर्थात, आकडा सोयीचा असेपर्यंत.

माझा जन्म कारखान्यातला. पट्टा शिवला, नळी जोडली आणि लगेच एका प्लॅस्टिकच्या हातावर बांधून माझी परीक्षा घेतली. तो हात हलला नाही, खोकला नाही, 'जास्त आलं का हो?' असंही त्यानं विचारलं नाही. इतका समजूतदार पेशंट मला पुन्हा भेटला नाही.

मग दुकानातलं कपाट. तिथून एका बाईंनी मला उचललं. "वडिलांना हवंय. चौऱ्याहत्तरचे आहेत, गावाकडे राहतात."

"आईंनाही उपयोगी पडेल," दुकानदार म्हणाला.

"आईला काय धाड भरलीय! ती ठणठणीत आहे."

अशा रीतीनं माझी नेमणूक मास्तरांच्या दंडावर झाली. मास्तरांनी शहरातल्या शाळेत पस्तीस वर्षं काढली होती आणि निवृत्त झाल्यावर तब्येतीसाठी गावात घर घेतलं होतं. गावाच्या टोकाला, उतारावर, मागे विहीर, चार शेळ्या आणि भाजीचे वाफे. ताजं दूध, घरची भाजी, विहिरीचं पाणी, ही मास्तरांची निरोगी म्हातारपणाची त्रिसूत्री. दूध काकू काढायच्या. भाजी काकू लावायच्या. पाणी काकू शेंदायच्या. त्रिसूत्री तेवढी मास्तर स्वतः सांगायचे.

काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना काकूच म्हणायचं. वय एकोणसत्तर.

माझ्याबरोबर आलेलं माहितीपत्रक मास्तरांनी दोनदा वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि एक वही घातली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजणी. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, हात टेबलावर. आणि शांतता.

"आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही," ते बजावायचे. घरात 'कुणी' म्हणजे काकूच. बादलीचा आवाज होऊ नये म्हणून त्या बिचाऱ्या ती हातातच धरून दारात उभ्या राहायच्या. भरलेली.

आकडा यायचा एकशे अठरा, शहात्तर. मास्तर वहीत लिहायचे आणि जरा हिरमुसायचे. इतकी तयारी करून निकाल असा साधा लागावा!

हळूहळू ओट्यावर मंडळी जमू लागली. निवृत्त बसड्रायव्हर, पोस्टमन, पिठाच्या गिरणीचे मालक. सगळे साठीच्या पुढचे आणि सगळ्यांना भरपूर वेळ. "मला एकशे पन्नास!" ड्रायव्हर अशा थाटात सांगायचे, की जणू बक्षीसच मिळालंय. पोस्टमनचा आकडा कमी आला की ते दुसरा दंड पुढे करायचे. त्यावर मास्तरांचं व्याख्यान व्हायचं. गावची हवा, चालण्याचं महत्त्व, मन मोकळं ठेवणं. तेवढ्यात काकू चार वेळा चढ चढून उतरलेल्या असायच्या, पण ते चालण्यात धरत नसत. त्याला काम म्हणतात.

सहा महिन्यांत माझ्या पट्ट्यानं गावातला एकूणएक निवांत दंड आवळला. बाईमाणसाचा एकही नाही. ओट्यावर चहा घेऊन येणारे हात मी फक्त पाहिले.

एका सकाळी मास्तरांना शंका आली. सलग नऊ दिवस एकशे अठरा! "हे यंत्र अडकलेलं दिसतंय. पडताळा घ्यायला हवा. अगं, जरा हात दे इकडे."

काकू वाफ्यातून आल्या. कोपरापर्यंत माती. "माझा कशाला? मला काय झालंय?"

"तुला काही झालेलं नाही म्हणूनच. यंत्र तपासायचंय."

मी काकूंचा दंड धरला. आजवर धरलेल्या दंडांत हा सगळ्यात टणक. हवा भरली, सोडली आणि जे होतं ते दाखवलं. एकशे शहाण्णव. खालचा एकशे बारा.

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याण्णव. बॅटऱ्या बदलल्या. पुन्हा तेच. मग अनुभवी शिक्षकाला शोभेल असा निर्णय त्यांनी दिला.

"बिघडलं."

"माझ्या हातालाच चिखल होता," काकू ओशाळून म्हणाल्या. जणू एखादी बरणी त्यांच्या हातून फुटली होती. आणि त्या वाफ्याकडे परत गेल्या.

मला खोक्यात भरलं. नळी दुमडून कोंबली. सहा महिने ज्याचा शब्द प्रमाण, तो एका आकड्यानं खोटारडा ठरला. मास्तरांनी लेकीला फोन लावला. तिचा आवाज मला खोक्यातूनही ऐकू येत होता.

"तू दिलेलं यंत्र बिघडलं. दुकानात परत दे."

"असं कसं बिघडलं? तुमच्या हातावर किती दाखवतंय?"

"माझं बरोबर आहे. एकशे अठरा."

"मग?"

"तुझ्या आईच्या हातावर एकशे शहाण्णव दाखवलं."



"बाबा, म्हणजे यंत्र फक्त आईपुरतं बिघडलंय का?"

मास्तरांची पस्तीस वर्षं प्रश्न विचारण्यात गेलेली, उत्तरं द्यायची सवय राहिली नव्हती.

"आत्ताच्या आत्ता नर्सबाईंना बोलवा," लेक म्हणाली. "आणि आईला खाली बसवा. ती आत्ता काय करतेय?"

मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. काकू विहिरीवर होत्या. वाकलेल्या, दोराला हात घातलेला. फोन तसाच टेबलावर टाकून मास्तर पळाले. पायात चप्पल नाही, हातात काठी नाही.

अर्ध्या तासानं आरोग्य केंद्राच्या नर्सबाई स्कूटरवरून आल्या. त्यांनी आपल्या यंत्रानं मोजलं. मग खोक्यातून मला काढून माझ्यानंही मोजलं. दोघांचा आकडा एकच.

"काकू, डोकं दुखतं का?"

"सकाळी ठणकतं. वयच झालंय आता."

"कधीपासून?"

"असतील दोन-तीन वर्षं. परवा विहिरीपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा थोडी बसले होते. मग गेली."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, त्या अंधारीत तोल गेला असता तर? किंवा डोक्यातली शीर फुटली असती तर?"

"अगं, मला एका शब्दानं बोलली नाहीस!" मास्तरांचा आवाज चढला.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, टोमणाही नव्हता. "सकाळी सांगायला यायचे हो. पण तेव्हा तुमचं मोजणं चालू असायचं. बोलायचं नाही म्हणाला होतात ना."

मी पुष्कळ माणसांचे दाब मोजलेत. त्या क्षणी मास्तरांचा मोजला असता तर वहीला एकदाचा लिहिण्याजोगा आकडा मिळाला असता.

त्याच दुपारी लेक गाडी घेऊन आली आणि काकूंना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, विहीर बंद झाली. म्हणजे काकूंसाठी बंद झाली. मास्तरांसाठी उघडली. पहिल्या दिवशी त्यांनी तीन बादल्या शेंदल्या आणि दोन सांडल्या. एका शेळीनं तर पहिला आठवडा त्यांना दूधच दिलं नाही. तिला व्याख्यानं आवडत नसावीत. ओट्यावरची मंडळी आली, की मास्तर आता वाफ्यातून ओरडायचे, "बसा हो, पण चहाची वाट पाहू नका!" मंडळी फार वेळ बसत नसत.

काकूंचा आकडा तीन महिन्यांत एकशे चाळीसच्या आसपास आला. दर मोजणीला त्या अखंड बोलायच्या. शेळीबद्दल, लेकीबद्दल, पोस्टमनच्या सुनेबद्दल. आकडा त्यामुळे थोडा चुकायचा. मास्तर शांत बसून ऐकायचे, त्या थांबल्या की पुन्हा मोजायचे.

गेल्या महिन्यात नर्सबाईंनी विचारलं, "गावाबाहेरच्या भाजीच्या गोदामात तीस बायका निवडायला बसतात. एकीचाही दाब कुणी मोजलेला नाही. केंद्रातलं दुसरं यंत्र बंद पडलंय. हे थोडे दिवस द्याल?"

मास्तर घुटमळले. सवय सुटता सुटत नाही. काकूंनी मला नळीसकट गुंडाळलं आणि नर्सबाईंच्या पिशवीत टाकलं. "थोडे दिवस कशाला? राहू दे तिकडेच. आमचं मोजायला तू येतेसच की."

तर आता मी गोदामात आहे, हिरव्या क्रेटवर. पट्ट्याला मातीचा रंग आलाय, शिवण एका बाजूनं उसवलीय. आज सकाळपासून अकरा दंड झाले. त्यातले चार मला आवडले नाहीत.

बारावी आता समोर बसलीय. एक पाय दाराकडे. "मला काही झालेलं नाही हो बाई, पटकन उरका. ट्रक यायचाय."

ट्रक थांबेल, ताई. बाही वर करा. मी जरा घट्ट धरीन, पण सोडेन लगेच. आणि आकडा काहीही येवो, तेवढं मला बिघडलेला म्हणू नका.