स्टिअरिंगला बांधलेलं फडकं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या शनिवारी तर सकाळीच डोकं फिरलं होतं. फ्रिजमध्ये ग्रीसचं फडकं सापडलं होतं. कालच बाबांच्या उशीखाली एक निघालं होतं.

बाबा चाळीस वर्षं मेकॅनिक. स्वतःचं गॅरेज होतं, ते बंद करून बारा वर्षं झाली. गेल्या वर्षापासून विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, चुका दाखवू नका, खचतील. म्हणून मी खोटं बोलायला शिकले. चष्मा सापडला नाही की म्हणायचं, मीच हलवला होता, बाबा. नळ वाहत राहिला की तोही मीच सोडला होता. माझ्यासारख्या फटकळ बाईला ते किती जड गेलं, माझं मला ठाऊक.

मग मागच्या महिन्यात बाबा शेगडी बंद करायला विसरले आणि स्वयंपाकघरातला पडदा पेटला. धाकट्या भावानं हात टेकले. बाबांची हत्यारांची पेटी घरात नको, उद्या त्या हातांनी आणखी काय होईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. ती पेटी गेली तर ह्या माणसाकडे राहिलं काय? शेवटी बाबांसमोरच ठरलं. आमच्या जुन्या गाडीच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग गळत होतं, ते बाबांनी घरीच बदलायचं. नीट झालं तर पेटी राहील. नाही तर रविवारी धाकटा घेऊन जाईल. बाबा म्हणाले, चालेल.

गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी उतारांवर चढवून बाबा खाली सरपटले. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाला लावलेली तेलाची परातच. आधी सगळं तेल टबात काढलं. मग एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढला, कडेनं भोकं पाडली आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचला.

"डोक्याचा भरवसा नाही आता," ते म्हणाले. "पुठ्ठ्याचा आहे."

जुनं पॅकिंग पातेल्याच्या खरवडीसारखं चिकटलं होतं, ते त्यांनी कणाकणानं काढलं. नवं बसवलं, वर सीलंटचा बारीक थर दिला, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. हात एकदाही थरथरला नाही. मी टॉर्च धरून बसले होते आणि तीन तास तोंडातून चकार शब्द काढला नाही, म्हणजे बघा.

सीलंट सुकायला चार तास हवे होते. तेल त्यानंतर भरायचं. बाबा आंघोळ करून, जेवून आडवे झाले.

दुपारी मी गाडीत राहिलेली पिशवी आणायला गेले, तर स्टिअरिंगला एक मळकं फडकं गाठ मारून बांधलेलं. म्हटलं, आता इथेही. गाठ सोडली आणि फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तेलाचा नवा कॅन वाटेतच होता, कोणाच्या तरी पायात येईल म्हणून उचलून कपाटात ठेवला. फरशी पुसून घेतली. सगळं कसं स्वच्छ झालं म्हणून स्वतःवरच खूश झाले.

पाच वाजता बाबा उठून आले. आधी काचेतून स्टिअरिंगकडे बघितलं. मग कॅन होता त्या जागेकडे बघितलं. मान डोलावली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

त्यांनी गाडी सुरू केली. तेल नसलं की लागणारा लाल दिवा कधीचा बिघडलेला. आणि इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे बाबांना बारीकसारीक खडखड ऐकूच येत नाही. थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग वाकून खाली टॉर्च मारला.

"बघ, एक थेंब नाही."

आणि हसले. वर्षभरात असे हसले नव्हते. मला भरून आलं. कोपऱ्यापर्यंत फेरी मारून येतो म्हणाले, मी हात हलवला.

कोपऱ्यावर इंजिन जॅम झालं. धाकटा संध्याकाळी काम बघायला यायचाच होता, त्याला बाबा रस्त्यात उघड्या बॉनेटपाशी उभे दिसले. दोन शेजाऱ्यांना घेऊन त्यानं गाडी ढकलत आणली. मग तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. कोरडी ठाक.

बाबा पट्टीकडे बघत राहिले. "तेल भरलंच नाही मी," ते म्हणाले. "आणि फडकं बांधायलाही विसरलो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गॅरेजमध्ये रीतच होती ती. इंजिनातलं तेल काढलं की स्टिअरिंगला फडकं बांधायचं. तेल भरेपर्यंत किल्लीला कोणी हात लावायचा नाही, आणि ज्यानं भरलं त्यानंच फडकं सोडायचं. लहानपणी मी हट्ट करून ती गाठ सोडायला जायचे. आणि बाबांच्या विसरण्यावर रोज कपाळ बडवणारी मी, साफ विसरले होते.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण धाकटा समोर होता, आणि एरवी कोणाला न ऐकणाऱ्या माझ्या तोंडाला कुलूप लागलं. भित्री मेली.

तो गेल्यावर बघते तर बाबा पाने आकाराप्रमाणे पेटीत लावत होते. मी कचऱ्यातून फडकं काढून आणलं.

"बाबा, फडकं मीच काढलं होतं."

सगळं सांगितलं, कॅनचंही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चष्माही तूच हलवला होतास ना," ते म्हणाले. "आणि नळही तूच सोडला होतास."

मी शपथ घेतली. रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "कळतं गं मला. माझ्यासाठी किती करतेस." मग त्या फडक्यानं शेवटचा पाना पुसला आणि पेटीत ठेवला.

रविवारी धाकट्यालाही सांगितलं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"ताई, निदान माझ्याशी तरी खोटं नको बोलूस," तो म्हणाला.

पेटी एकट्यानं उचलण्यातली नव्हती. त्यानं मला दुसरी कडी धरायला सांगितली, आणि मी धरली.